सीगफ्रीड ससून : एका इंग्रज कवीचें जीवित व त्याचीं आत्मचरित्रें

पुण्याच्या स्टेशनावर उतरणाऱ्या प्रवाशास ससून रुग्णालयाचें नांव ठाऊक नाहीं असें सहसा घडत नाहीं. मुंबईंत कुलाब्याच्या बाजूस ससून डॉक आहे, आणि काळा घोडा भागांत डेव्हिड ससून ग्रंथालयाची दगडी इमारत उभी आहे. हीं नांवें आपल्या इतकीं अंगवळणीं पडलीं आहेत कीं, ससून हें मुळांत एका कुटुंबाचें नांव होय याचाच आपणांस विसर पडतो. त्याच कुळांत, परंतु येथून हजारों मैल दूर, इंग्लंडांतील केंट परगण्यांत एक कवि जन्मास आला. पहिल्या महायुद्धांत तो शौर्यानें लढला, त्याच युद्धाचा त्यानें उघड निषेध केला, आणि पुढें आपल्या आयुष्याची कथा एकदां नव्हे तर दोनदां, दोन निरनिराळ्या नांवांनीं, जगास सांगितली. त्या सीगफ्रीड ससूनची ओळख आमच्या विद्यार्थी वाचकांस व त्यांच्या पालकांस करून द्यावी, एवढाच आमचा हेतु आहे.

प्रथम कुळाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. डेव्हिड ससून हा बगदादचा यहुदी व्यापारी. तेथील तुर्की सुभेदार दाऊद पाशा याच्या जाचामुळें तो इराणी आखातावरील बुशहर बंदरीं गेला, व तेथून १८३२ च्या सुमारास मुंबईस आला. कापूस, कापड आणि अफू यांच्या व्यापारांत त्यानें अपार संपत्ति मिळविली. अफूच्या पेट्या चीनच्या बंदरांत उतरत, आणि त्यांतून आलेल्या पैशाचा कांहीं भाग येथें धर्मकार्यांकडे व लोकोपयोगी इमारतींकडे वळे. ही गोष्ट झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. परंतु तेवढ्यावरून त्या रुग्णालयांत बरे झालेल्या गोरगरिबांचे आशीर्वाद खोटे ठरतात असेंहि नाहीं. १८६४ सालीं डेव्हिड पुण्यास वारला. लष्कर भागांत लोक ज्यास लाल देऊळ म्हणतात, त्या यहुदी प्रार्थनामंदिराच्या आवारांत त्याची कबर आहे. त्याचा एक मुलगा, ससून डेव्हिड ससून, हा १८३२ सालीं मुंबईंतच जन्मला. पेढीच्या कामासाठीं तो १८५८ सालीं इंग्लंडास गेला, आणि तेथेंच त्यानें कायमची वस्ती केली. हा आमच्या कवीचा आजोबा होय.

या आजोबाचा मुलगा आल्फ्रेड हा इंग्लंडांत वाढला. व्यापारांत त्याचें मन नव्हतें. व्हायोलिन व खेळ यांचा त्यास शौक होता. १८८४ सालीं त्यानें थेरेसा थॉर्निक्रॉफ्ट नांवाच्या एका ख्रिस्ती तरुणीशीं विवाह केला. थॉर्निक्रॉफ्ट घराणें शिल्पकारांचें. लंडनच्या पार्लमेंटगृहाबाहेर क्रॉमवेलचा जो पुतळा आहे, तो थेरेसाच्या भावाच्या हातचा. ती स्वतःहि चित्रें काढीत असे. हा विवाह आल्फ्रेडच्या आईस मुळींच मान्य झाला नाहीं. तिनें मुलगा मेला असें समजून सुतक धरलें असें सांगतात, आणि त्याच्याशीं सर्व संबंध तोडला. सासरच्या माणसांपैकीं थेरेसाच्या पाठीशीं उभी राहिली ती एकटी तिची नणंद रेचल. या रेचलबाईचा जन्म मुंबईचा. पुढें तिनें लंडनच्या 'ऑब्झर्व्हर' व 'संडे टाइम्स' या दोन मोठ्या वर्तमानपत्रांचें संपादन केलें. त्या काळीं स्त्रियांस मतदानाचाहि हक्क नव्हता हें लक्षांत घेतलें म्हणजे या गोष्टीचें महत्त्व कळून येईल.

८ सप्टेंबर १८८६ रोजीं केंटमधील मॅटफील्ड या खेड्यांत, वीअरली नांवाच्या घरीं, सीगफ्रीडचा जन्म झाला. तीन भावांत तो मधला. मायकेल थोरला व हॅमो धाकटा. मातेस वॅग्नर या जर्मन संगीतकाराचीं संगीतनाटकें फार प्रिय असल्यामुळें तिनें त्यांतील एका वीराचें नांव आपल्या मुलास ठेवलें. जर्मन नांव, यहुदी आडनांव आणि अंतःकरण मात्र केवळ इंग्रजी खेड्यांतलें, असा हा विलक्षण संगम होता. जर्मनांशीं लढण्यास याच नांवानें जावें लागेल, असें त्या वेळीं कोणाच्या स्वप्नींहि आलें नसेल.

मुलें लहान असतांनाच आल्फ्रेड घर सोडून निघून गेला. तो अधूनमधून भेटीस येई, मुलांस खाऊ व खेळणीं आणी आणि पुनः जाई. १८९५ सालीं क्षयानें त्याचें देहावसान झालें. त्याचा अंत्यविधि यहुदी रीतीनें झाला. दोघे भाऊ गेले, परंतु दुःखातिरेकामुळें सीगफ्रीडला नेणें शक्य झालें नाहीं. भावांनीं परत येऊन त्या अनोळखी भाषेंतील प्रार्थनांचें वर्णन केलें, तेवढाच त्याचा पितृकुळाच्या धर्माशीं परिचय. मातेनें त्यास ख्रिस्ती संस्कारांत वाढविलें, आणि हा मुलगा कवि होणार असें तिनें मनाशीं ठरवून टाकलें होतें. त्याच्या तिसऱ्या वाढदिवशीं तिनें त्यास काय द्यावें? शेक्सपियरवरील कोलरिजच्या व्याख्यानांचें पुस्तक! आजच्या पालकांस हें वाचून हसूं येईल. परंतु दहा-अकरा वर्षांचा झाल्यावर तो मुलगा कवितांच्या वह्या स्वतः लिहून, त्यांवर चित्रें काढून, आईस नाताळची भेट देऊं लागला, तेव्हां मातेचें तें पुस्तक अगदींच फुकट गेलें असें म्हणतां येत नाहीं.

शाळेंत त्यानें कांहीं विशेष दिवे लावले नाहींत. मार्लबरो येथील शिक्षण संपवून तो १९०५ सालीं केंब्रिजच्या क्लेअर कॉलेजांत गेला. प्रथम कायदा घेतला, मग इतिहास घेतला, आणि शेवटीं १९०७ सालीं पदवी न घेतांच घरीं परतला. थोडेंसें वडिलोपार्जित उत्पन्न होतें, त्यामुळें पोटाची काळजी नव्हती. घोड्यावर बसून कोल्ह्याची शिकार करावी, उन्हाळ्यांत क्रिकेट खेळावें, आणि रात्रीं कविता लिहून त्या पदरच्या पैशानें छापाव्या, असा सात वर्षें त्याचा क्रम होता. या कविता गोड होत्या, पण त्यांत जीव नव्हता. १९१३ च्या सुमारास त्यानें मेसफील्ड या समकालीन कवीच्या एका काव्याचें विडंबन करावयास घेतलें, आणि विडंबन करतां करतां तो खऱ्या माणसाच्या तोंडची खरी भाषा लिहूं लागला. जो गुण पुढें त्यास कीर्ति देणार होता, तो प्रथम थट्टेंतून प्रकट झाला हें चमत्कारिकच म्हटलें पाहिजे.

४ ऑगस्ट १९१४ रोजीं इंग्लंडनें युद्ध पुकारलें, त्या दिवशीं ससून आधींच ससेक्सच्या घोडेस्वार पथकांत दाखल झालेला होता. घोड्यावरून पडून हात मोडल्यामुळें त्याचे कांहीं महिने गेले. नंतर रॉयल वेल्श फ्यूझिलिअर्स या पायदळ पलटणींत त्यास अधिकारपद मिळालें, आणि नोव्हेंबर १९१५ मध्यें तो फ्रान्सच्या रणभूमीवर उतरला. त्याच महिन्याच्या आरंभीं त्याचा धाकटा भाऊ हॅमो गॅलिपोलीच्या मोहिमेंत जखमी होऊन मरण पावला होता, व त्याच्या देहास समुद्रांतच मूठमाती मिळाली होती. पुढें चार महिन्यांनीं, मार्च १९१६ मध्यें, पलटणींतील त्याचा जिवलग मित्र डेव्हिड टॉमस मारला गेला. या दोन मृत्यूंनीं त्याच्या मनांत सूडाची आग पेटली. रात्रींच्या रात्रीं तो शत्रूच्या तारांपर्यंत सरपटत जाई. सैनिकांनीं त्यास वेडा जॅक असें नांव पाडलें. मे महिन्यांत एका फसलेल्या छाप्यानंतर, गोळ्यांचा वर्षाव चालू असतां, तो जखमी सोबत्यांस आणण्यासाठीं पुनः पुनः पुढें गेला. त्याबद्दल त्यास मिलिटरी क्रॉस हें पदक मिळालें. जुलैंत सोमच्या लढाईंत त्यानें जर्मनांचा एक खंदक जवळजवळ एकट्यानें घेतला. त्याचा मित्र व सहकारी रॉबर्ट ग्रेव्हज हा तर असें लिहितो कीं, खंदक घेतल्यावर वरिष्ठांस वर्दी देण्याऐवजीं हे गृहस्थ तेथेंच कवितांचें पुस्तक काढून वाचीत बसले. ग्रेव्हजला गोष्ट रंगविण्याची हौस होती, तेव्हां वाचकांनीं हें थोडें सावधपणें घ्यावें.

परंतु सूडाची आग फार काळ टिकत नाहीं. खंदकांतील चिखल, उंदीर, कुजलेलीं प्रेतें, आणि मागें सुरक्षित बसून नकाशावर माणसें हलविणारे सेनानी, हें सर्व पाहून त्याच्या कवितेची भाषाच बदलली. आतां तो लहान, धारदार, शेवटच्या ओळींत सुरा खुपसावा तशा कविता लिहूं लागला. त्यांत कधीं सेनापतीच्या हसतमुख अज्ञानाचें चित्र असे. कधीं मुलाच्या मृत्यूची खोटी पण गोड हकीकत ऐकून समाधान पावणाऱ्या मातेचें असे. तर कधीं लढून आलेल्या तरुणांच्या दैन्याकडे पाठ फिरवून मोठमोठीं वाक्यें बोलणाऱ्या धर्मोपदेशकाचें. आमच्यासारख्या ख्रिस्ती शाळेच्या मासिकानें हें शेवटचें चित्र टाळावें असें कोणास वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. व्यासपीठावरून युद्धाचा गौरव करणाऱ्यांस त्यानें जो प्रश्न विचारला, तो प्रामाणिक माणसाचा प्रश्न होता. त्याचा पहिला महत्त्वाचा संग्रह मे १९१७ मध्यें व दुसरा जून १९१८ मध्यें प्रसिद्ध झाला.

एप्रिल १९१७ मध्यें अरासच्या लढाईंत खांद्यांतून गोळी आरपार गेल्यामुळें त्यास इंग्लंडास परत आणण्यांत आलें. रुग्णालयांतील मऊ बिछान्यावर पडल्यावर मागें राहिलेल्या सोबत्यांचे चेहरे त्याच्या डोळ्यांपुढून हलेनात. त्यानें बर्ट्रांड रसेल आदि युद्धविरोधी विचारवंतांची गांठ घेतली, आणि पुष्कळ मंथनानंतर एक लहानसें निवेदन लिहिलें. त्याचा आशय असा : हें युद्ध मुक्ततेसाठीं व संरक्षणासाठीं सुरू झालें, परंतु आतां तें जिंकण्यासाठीं व बळकावण्यासाठीं चाललें आहे, ज्यांच्या हातीं तें थांबविण्याची सत्ता आहे तेच तें मुद्दाम लांबवीत आहेत, म्हणून सैनिकांच्या वतीनें मी पुढील सेवेस नकार देतों. तें निवेदन ३० जुलै रोजीं पार्लमेंटांत वाचून दाखविण्यांत आलें व दुसऱ्या दिवशीं 'टाइम्स' पत्रांत छापलें गेलें. आपल्या पदकाची फीत त्यानें मर्सी नदीच्या मुखाशीं पाण्यांत फेकून दिली. पदकहि फेकलें असा पुष्कळांचा समज होता. पण तें घरांतच राहिलें होतें, आणि २००७ सालीं स्कॉटलंडांतील एका घराच्या माळ्यावर त्याच्या कुटुंबियांस सांपडलें.

सेवेंतील अधिकाऱ्यानें असा नकार द्यावा याची शिक्षा लष्करी न्यायालयापुढें खटला ही होय. ससूनला तोच पाहिजे होता, कारण खटला झाला असता तर त्याचें म्हणणें देशभर गाजलें असतें. येथें रॉबर्ट ग्रेव्हज मध्यें पडला. मित्र तुरुंगांत जाईल, किंवा त्याहून वाईट कांहीं होईल, या भीतीनें त्यानें इकडे वरिष्ठांस सांगितलें कीं हा मनुष्य युद्धाच्या आघातानें आजारी आहे, आणि तिकडे ससूनला शपथेवर सांगितलें कीं सरकार खटला मुळींच भरणार नाहीं, वेड्यांच्या इस्पितळांत मात्र डांबून ठेवील. ही शपथ खोटी होती. ससूननें तिच्यावर विश्वास ठेविला व वैद्यकीय मंडळापुढें जाण्याचें कबूल केलें. मित्राचा जीव वांचविण्यासाठीं खोटी शपथ घ्यावी काय, आणि जो जीव वांचला त्याच्या सत्याग्रहाचें काय झालें, या प्रश्नाचें उत्तर आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं आपआपसांत वाद करून शोधावें. आमचें मत विचाराल तर ग्रेव्हजनें मित्रास वांचविलें खरें, परंतु ज्या एका क्षणीं तो मित्र सर्वस्व पणास लावण्यास तयार झाला होता, तो क्षण त्याच्या हातून हिरावून घेतला.

एडिंबरोजवळील क्रेग्लॉकहार्ट या लष्करी रुग्णालयांत त्यास ठेवण्यांत आलें. तेथें त्याच्या आयुष्यांतील दोन अत्यंत महत्त्वाच्या भेटी झाल्या. पहिली डॉक्टर रिव्हर्स यांची. हे मोठे विद्वान गृहस्थ. मानसशास्त्राप्रमाणेंच मानववंशशास्त्रांतहि त्यांचा अधिकार होता, व निलगिरींतील तोडा लोकांमध्यें राहून त्यांनीं १९०६ सालीं लिहिलेला ग्रंथ प्रसिद्ध आहे. ससून वेडा नाहीं हें त्यांस पहिल्याच भेटींत कळलें. आठवड्यांतून कांहीं संध्याकाळीं दोघे समोरासमोर बसून बोलत. लहानपणींच पित्यास मुकलेल्या ससूनला त्यांच्या रूपानें जणुं पिताच भेटला. दुसरी भेट विल्फ्रेड ओवेन या तरुण अधिकाऱ्याची. तो संकोचत संकोचत ससूनच्या पुस्तकाच्या प्रती घेऊन सही मागण्यास आला, आणि त्यानें आपणहि थोडें लिहितों असें सांगितलें. ससूननें त्याचीं टांचणें वाचलीं, दुरुस्त्या सुचविल्या, उत्तेजन दिलें. शिष्य गुरूहून श्रेष्ठ ठरला. ओवेन हा त्या युद्धाचा सर्वश्रेष्ठ कवि असें आज पुष्कळ रसिक मानतात, आणि तसें मानणाऱ्यांत ससून स्वतः होता.

इकडे रुग्णालयांत गोल्फ खेळत बसावें आणि तिकडे आपले लोक मरावे, हें त्यास असह्य झालें. युद्धाविषयींचें मत तिळमात्र न बदलतां त्यानें पुनः रणांगणावर जाण्याचें ठरविलें. हें वर्तन विसंगत दिसतें. परंतु त्याचा निषेध सैनिकांसाठीं होता, आणि परत जाणेंहि सैनिकांसाठींच होतें, हें ध्यानांत धरलें म्हणजे विसंगति राहत नाहीं. नोव्हेंबर १९१७ मध्यें तो कामास योग्य ठरला. आयर्लंड व पॅलेस्टाईन येथें थोडे महिने काढून तो मे १९१८ मध्यें पुनः फ्रान्समध्यें आला. त्या वसंतांत जर्मनांच्या मोठ्या चढाईमुळें पॅलेस्टाईनांतून गोऱ्या पलटणी फ्रान्सकडे नेण्यांत येत होत्या व तेथें त्यांची जागा हिंदी पलटणी घेत होत्या. १३ जुलै रोजीं पहाटे टेहळणीहून परततांना, शत्रु समजून, त्याच्याच बाजूच्या एका सार्जंटनें गोळी झाडली. ती डोक्यास चाटून गेली. एवढ्यावर त्याचें युद्ध संपलें. ओवेन मात्र ४ नोव्हेंबर रोजीं, तहास अवघा एक आठवडा उरला असतां, मारला गेला. १९२० सालीं ओवेनच्या कविता पुस्तकरूपानें निघाल्या, त्यांस प्रस्तावना ससूनची आहे.

युद्धानंतरच्या दहा वर्षांविषयीं फार लिहिण्याचें कारण नाहीं. कांहीं काळ त्यानें 'डेली हेरल्ड' या मजूरपक्षीय पत्राचें वाङ्मयीन संपादन केलें, अमेरिकेंत काव्यवाचनाचा दौरा केला, पुष्कळ थोरामोठ्यांच्या ओळखी झाल्या. पण कवितेचा झरा आटल्यासारखा झाला होता. अखेर त्यानें गद्य लिहावयास घेतलें, आणि १९२८ सालीं एका कोल्ह्याच्या शिकाऱ्याच्या आठवणी या अर्थाच्या नांवाचें पुस्तक प्रसिद्ध झालें. त्यावर प्रथम लेखकाचें नांवहि नव्हतें. पुस्तकास इंग्लंडांतील दोन मानाचीं पारितोषिकें मिळालीं.

या पुस्तकाचा नायक जॉर्ज शर्स्टन हा म्हणजे ससूनच, आणि तरी ससून नव्हे. शर्स्टनला आईबाप नाहींत. एव्हलिन नांवाची प्रेमळ मावशीवजा आत्या त्यास वाढविते. त्यास भाऊ नाहींत. त्याच्यांत यहुदी रक्त नाहीं. आणि सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे तो कवि नाहीं! घोडे, कुत्रे, डिक्सन नांवाचा इमानी मोतद्दार, खेड्यांतील फुलांच्या प्रदर्शनादिवशीं होणारा क्रिकेटचा सामना, असें त्याचें साधें जग आहे. तो क्रिकेटचा सामना आमच्या शाळेंतील खेळाडूंनीं अवश्य वाचावा. शेवटच्या धांवा काढतांना त्या पोराची जी छाती धडधडते ती वाचकाचीहि धडधडते. आणि मग पुस्तकाच्या अखेरीस, तीच संथ भाषा चालू असतां, त्या जगांतील माणसें एकामागून एक युद्धांत नाहींशीं होतात. डिक्सन जातो, शिकारींतला सोबती जातो, डेव्हिड टॉमसच्या जागीं घातलेला तरुण मित्र जातो. लेखक आक्रोश करीत नाहीं. आम्हांस तर असें वाटतें कीं, त्याच्या निषेधाच्या कवितांपेक्षांहि हा शांतपणा अधिक भेदक आहे.

दुसरा भाग १९३० सालीं निघाला. त्यांत सोम, अरास व तें निवेदन यांची हकीकत आहे. ग्रेव्हज तेथें क्रॉम्लेक या टोपणनांवानें वावरतो. तिसरा भाग १९३६ सालचा. त्याच्या नांवांत बनियनच्या 'यात्रिकक्रमणा'चा ध्वनि आहे, हें आमच्या ख्रिस्ती वाचकांच्या लगेच ध्यानांत येईल. या सर्व ग्रंथांत सर्वांचीं नांवें बदललीं आहेत, पण एका माणसाचें नांव बदललेलें नाहीं. तें डॉक्टर रिव्हर्स यांचें. ते १९२२ सालींच निवर्तले होते. तिसऱ्या भागाचा शेवट असा आहे कीं, लंडनच्या रुग्णालयांत जखमी व खचलेला शर्स्टन पडला असतां खोलीचें दार उघडतें व रिव्हर्स आंत येतात.

दुसऱ्या भागाच्या आधीं, १९२९ सालीं, ग्रेव्हजनें आपलें आत्मचरित्र घाईघाईनें लिहून छापलें. त्यांत मेलेल्या हॅमोशीं परलोकविद्येच्या साहाय्यानें बोलूं पाहणाऱ्या ससूनच्या शोकाकुल मातेचें वर्णन होतें, आणि ससूनचें एक खासगी पद्यमय पत्रहि परवानगीवांचून घातलेलें होतें. ससून अत्यंत संतापला. प्रकाशकास तीं पानें काढावीं लागलीं. एडमंड ब्लंडन या दुसऱ्या सैनिक कवीसह बसून त्यानें त्या पुस्तकाच्या एका प्रतीच्या समासांत चुकांच्या टीपाच टीपा लिहिल्या. दोघां मित्रांतली जुनी मैत्री नंतर पूर्ववत् झाली नाहीं. सत्य सांगण्याच्या दोन रीती येथें समोरासमोर आल्या. ग्रेव्हजनें खरीं नांवें ठेवून गोष्टी रंगविल्या. ससूननें नांवें बदलून गोष्टी जपल्या.

तरी शर्स्टनच्या कथेंत एक मोठी उणीव राहिली होती, व ती ससूनला जाणवत होती. ज्याच्या कविताच काढून घेतल्या त्या माणसानें युद्धाविरुद्ध एवढें मोठें पाऊल कां उचललें, हें पुरतें कळत नाहीं. शर्स्टन हा आपल्या स्वभावाचा फक्त उघड्या माळावर वावरणारा अर्धा भाग आहे, असें तो स्वतःच मानी. म्हणून त्यानें उरलेला अर्धा भाग सांगण्यासाठीं पुनः लेखणी घेतली, आणि या वेळीं आपल्या खऱ्या नांवानें. १९३८ सालच्या पहिल्या ग्रंथांत बालपण व विद्यार्थिदशा आहे. माता, थॉर्निक्रॉफ्ट मामा, क्वचित् भेटणारा पिता हे सर्व तेथें आपआपल्या नांवांनीं येतात. १९४२ च्या दुसऱ्या ग्रंथांत १९१४ पर्यंतचें तारुण्य, आणि १९४५ च्या तिसऱ्यांत १९१६ ते १९२० पर्यंतची कवि म्हणून झालेली वाटचाल आहे. युद्धाची हकीकत शर्स्टननें सांगितलीच आहे, असें म्हणून तेथें तो खंदकांवरून झपाट्यानें पुढें जातो, व ओवेनच्या मैत्रीपाशीं मात्र थांबतो.

दुसरें महायुद्ध घोंघावत असतां, स्थलांतर केलेलीं मुलें व लष्करी तंबू यांच्या गर्दींत, विल्टशरमधील आपल्या हेट्सबरी येथील जुन्या वाड्यांत बसून हा मनुष्य व्हिक्टोरिया राणीच्या काळचे उन्हाळे आठवीत होता. कित्येक टीकाकारांनीं त्यास वर्तमानाकडे पाठ फिरविणारा ठरविलें. हा आरोप अगदीं खोटा नाहीं. १९२० नंतरचें आत्मचरित्र त्यानें कधींच लिहिलें नाहीं. भूतकाळाचीच त्यास सोबत वाटे. परंतु त्या ग्रंथांतलें गद्य इतकें निर्मळ आहे कीं, आम्ही तरी त्याबद्दल त्यास दोष देण्यास धजत नाहीं.

हा वाडा त्यास घेतां आला तो रेचल आत्यामुळें. ती १९२७ सालीं वारली व आपल्या संपत्तीचा मोठा वाटा या भाच्यास ठेवून गेली. ज्या घराण्यानें बापास दूर लोटलें, त्याच घराण्याच्या धनावर मुलगा उत्तरायुष्यांत सुखानें राहिला! डिसेंबर १९३३ मध्यें त्यानें हेस्टर गॅटी हिच्याशीं विवाह केला, व १९३६ सालीं त्यांस जॉर्ज हा पुत्र झाला. मुलावर त्याचें निरतिशय प्रेम होतें. नांवहि, पाहा, शर्स्टनचेंच. विवाह मात्र सुखाचा झाला नाहीं, व १९४५ च्या सुमारास पतिपत्नी विभक्त झालीं.

यानंतर तो एकांतांत राहूं लागला. उतारवयांतहि क्रिकेटची बॅट त्यानें सोडली नाहीं. कविता लिहीतच होता, परंतु आतां त्यांत उपहास नव्हता, तर एक प्रकारचा शोध होता. १९५७ सालीं, वयाच्या सत्तराव्या वर्षीं, त्यानें रोमन कॅथलिक पंथाची दीक्षा घेतली. त्याच वर्षीं त्यास राणीचें काव्यासाठीं असलेलें सुवर्णपदक मिळालें. ख्रिस्ती धर्मोपदेशकांवर एके काळीं इतक्या कडवटपणें टीका करणारा कवि शेवटीं प्रार्थनेकडे वळला, यावरून कांहीं लोक तो हरला असें म्हणतात, तर कांहीं तो जिंकला असें. आम्ही एवढेंच म्हणूं कीं, १९१७ सालीं त्यास जो राग आला होता त्याबद्दल त्यानें पुढें कधीं क्षमा मागितली नाहीं. त्याच्या शेवटच्या धार्मिक कवितांचा एक निवडक संग्रह १९६० सालीं एका जोगिणींच्या मठाच्या छापखान्यांत सुंदर रीतीनें छापला गेला.

१ सप्टेंबर १९६७ रोजीं, एक्याऐंशीवा वाढदिवस एका आठवड्यावर आला असतां, तो हेट्सबरीच्या वाड्यांत मरण पावला. सॉमरसेटमधील मेल्स या खेड्याच्या देवळाच्या आवारांत त्यास पुरलें आहे. रोनाल्ड नॉक्स या विद्वान धर्मगुरूच्या कबरेजवळ आपणांस जागा मिळावी अशी त्याची इच्छा होती. १९८५ सालीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेंत पहिल्या महायुद्धांतील सोळा कवींच्या नांवांची शिळा बसविण्यांत आली. तींत ससून आहे, ओवेन आहे आणि, हयात असणारा एकटा, रॉबर्ट ग्रेव्हजहि आहे. तो त्यानंतर महिन्याभरानें वारला.

ससूनच्या रोजनिशा २००९ सालीं केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयानें विकत घेतल्या, व पुढें त्यांच्या पानांचीं छायाचित्रें कोणासहि पाहतां येतील अशी व्यवस्था केली. शर्स्टनच्या कथेपूर्वींची, खंदकांत बसून लिहिलेली हकीकत ती हीच. पानें लहान आहेत व अक्षर बारीक आहे. कांहीं पानांवर मेणबत्तीचे थेंब पडलेले आहेत, आणि कांहींवर सोमच्या रणभूमीचा चिखल अजून तसाच लागलेला आहे.